लेबलाला हात लावायचा नाही

सोमवार, ३ मार्च

ही वही मला ऑफिसातून मिळाली. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची, वर छापलंय ‘ज्ञान हस्तांतरण’. पहिल्या पानावर नव्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टबाईंच्या टपोऱ्या अक्षरात सूचना: ‘जुन्या प्रोग्रामबद्दल जे जे डोक्यात आहे ते रोज लिहा. काहीही गाळू नका.’

ठीक. काहीही गाळणार नाही.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. त्यातली एकोणीस वर्षं एकाच प्रोग्राममध्ये गेली. दवाखान्याच्या औषधखिडकीवर डॉक्टरांची चिठ्ठी घेतात, औषध काढतात आणि पाकिटावर लेबल चिकटवतात: कुणाचं, काय, किती, केव्हा. ते लेबल माझं. अकरा दवाखान्यांत चालतं. एकोणीस वर्षांत एकही लेबल चुकलेलं नाही.

आज मालकांनी बैठकीत जाहीर केलं की एकतीस तारखेला जुना प्रोग्राम बंद, नवा सुरू. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुमचं पुढे बघू.” मालकांनी आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून ही कंपनी काढली. एरवी तो मला अरे-तुरे करतो. ‘तुमचं’ म्हणाला, तेव्हाच समजलो की माझीही तारीख एकतीसच आहे.

वही भरणार. त्यांना हवंय ते सोडून सगळं लिहिणार.

मंगळवार, ४ मार्च

आज व्याख्यान झालं. आर्किटेक्टबाई एकतीस वर्षांच्या, फळ्यावर चौकोन आणि बाण काढण्यात पटाईत. विषय: डिझाइन पॅटर्न्स.

“प्रोग्राम लिहिताना तेच ते पेच पुन्हा पुन्हा पडतात,” त्या म्हणाल्या. “लोकांनी ते कसे सोडवायचे हे शोधून काढलं आणि प्रत्येक पद्धतीला नाव दिलं. मी नाव घेतलं की तुम्हाला अख्खी रचना डोळ्यांपुढे दिसायला हवी.”

म्हणजे साचे. मी जागच्या जागी त्यांचं नाव साचेबाई ठेवलं.

ऑब्झर्व्हर म्हणजे एका गोष्टीवर डोळा ठेवायचा आणि ती जरा हलली की सगळ्यांना कळवायचं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हा साचा वीस वर्षं खुर्ची टाकून बसलेला आहे. फॅक्टरी म्हणजे वस्तू आपण बनवायची नाही, दुसऱ्याकडून बनवून घ्यायची. मालकांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. अडॅप्टर म्हणजे आतलं जुनं तसंच ठेवून वरून नवा झगा चढवायचा. हा मालकांच्या केसांना लावलेला आहे.

शेवटी सिंगलटन. अख्ख्या प्रोग्राममध्ये एक वस्तू एकदाच बनवायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची.

“हा फार जपून वापरायचा,” साचेबाई म्हणाल्या. “सोपा म्हणून लोक जिथे तिथे वापरतात. मग दोघांनी एकदम हात घातला की घोळ.”

मी हात वर केला. “म्हणजे घरातली बाथरूम.”

सगळे हसले. त्याही हसल्या. “अगदी बरोबर, सर. फक्त इथे दाराला कडी नसते.”

उत्तर चांगलं होतं. हे मी फक्त इथे कबूल करतोय.

बुधवार, ५ मार्च

बायको आमच्याच अकरा दवाखान्यांपैकी एकात औषधखिडकीवर बसते. म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम ती रोज वापरते. असं भाग्य किती नवऱ्यांना लाभतं कोण जाणे. मला तरी त्यातून फक्त तक्रारी मिळाल्यात.

आज तिच्याकडे गेलो होतो. खिडकीवर तिचं नेहमीचं चाललेलं. लेबल छापून आलं की पाकिटावर चिकटवायच्या आधी ती ते मोठ्यानं वाचते. नाव, औषध, किती, केव्हा. समोरच्या माणसानं ‘हो’ म्हटल्याशिवाय पाकीट हातातून सुटत नाही. मागे रांग वाढते, लोक चुळबुळतात, ही वाचतेच आहे.

“छापलंय ना स्पष्ट? मग पारायण कशाला?” मी विचारलं.

“सवय आहे.”

“प्रोग्राम चुकत नाही माझा.”

“मी कुठे म्हटलं चुकतो? मी पहिल्या महिन्यापासून वाचते.”

प्रोग्रामही तिथे पहिल्या महिन्यापासूनच आहे. योगायोग. पण एकोणीस वर्षं आपल्या बायकोनं आपलं लिखाण पंधरा माणसांपुढे तपासून घ्यावं, ह्याचं वाईट वाटतं.

गर्दी वाढली म्हणून सतरा तारखेपासून त्यांच्याकडे दुसरी खिडकी उघडणार आहे, असं म्हणाली. उघडा बापडे.

शुक्रवार, ७ मार्च

जिंकलो.

साचेबाईंना माझा प्रोग्राम पुसून सगळं नव्यानं लिहायचं होतं. मालकांसमोर मी स्पष्ट सांगितलं: लेबलाला हात लावायचा नाही. बाकी काय वाटेल ते नवं करा. लेबल जसंच्या तसं राहील.

“सर, मला निदान आतून वाचू तरी द्या,” साचेबाई म्हणाल्या.

“नऊ हजार ओळी आहेत. एकतीस तारखेपर्यंत वाचून होतील?”

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या बाजूनं निकाल दिला. आता साचेबाई माझ्या लेबलावर अडॅप्टर चढवणार. बाहेरून नवं, आत मी.

वहीत एक तरी खरं ज्ञान हस्तांतरित करतो, म्हणजे पुढे कुणी तक्रार नको. माझ्या प्रोग्रामच्या पोटात एक जागा आहे, तिचं नाव ‘समोरचा’. खिडकीवर माणूस आला की त्याची माहिती ‘समोरचा’मध्ये बसते. मग औषध शोधणं, हिशेबानं डोस काढणं, छापणं, सगळी कामं विचारतात: कुणासाठी? उत्तर: समोरचा. माणूस गेला, दुसरा आला, तो ‘समोरचा’ झाला. चौकोन नाही, बाण नाहीत. खिडकी एक, माणूस एक, जागा एक. एवढा साधा विचार पुस्तकं वाचून सुचत नाही.

मंगळवार, ११ मार्च

साचेबाई माझ्या टेबलापाशी आल्या. हातात चहा. माझ्यासाठी पण आणलेला, म्हणजे काम कठीण होतं.

“सर, आतापर्यंत प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रोग्रामची वेगळी प्रत होती. आता एकच प्रोग्राम मधल्या सर्व्हरवर बसणार आणि सगळ्या खिडक्या त्याच्याशी बोलणार. तुमच्या कोडमध्ये असं काही आहे का, जे एकच एक आहे आणि दोघांनी एकदम वापरलं तर बिघडेल?”

मी म्हटलं, “आहे ना. मी.”

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. त्या चहा ठेवून गेल्या. चहा चांगला होता. आजचा दिवस माझा.

शुक्रवार, १४ मार्च

चाचणीवाला प्रोग्राम तपासतोय. एकटाच आहे. पूर्वी दोघं होते, समोरासमोर बसून एकमेकांशी भांडत चाचणी करायचे. मालकांनी गेल्या वर्षी एकाला घरी पाठवलं, कारण त्यांच्या मते एकच काम दोघांना कशाला? उरलेला भांडायला कुणी नाही म्हणून दिवसभर गाणी ऐकतो. म्हणाला, नव्यात एकही दोष नाही.

मला जरा वाईटच वाटलं.

सोमवार, १७ मार्च

आजपासून बायकोच्या दवाखान्यात नवा प्रोग्राम, बाकी दहा ठिकाणी एकतीसला. दुसरी खिडकीही आजच उघडली. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय म्हणतंय नवं पाखरू?”

“दिसायला छान आहे.”

“आणि?”

“आणि काय? छान आहे म्हटलं ना.”

आता दोन दिवस बोलणार नाही.

गुरुवार, २० मार्च

आज बायको घरी आली ती चपला न काढता खुर्चीवर बसली.

तिच्या खिडकीवर एक बाई होती, कडेवर चार वर्षांची मुलगी. शेजारच्या खिडकीवर एक आजोबा. बायकोच्या हातात मुलीची बाटली, लेबल छापून आलं. तिनं नेहमीसारखं वाचायला घेतलं: मुलीचं नाव, आणि पुढे, ‘दोन गोळ्या, दिवसातून तीनदा’.

बाई म्हणाली, “गोळ्या? डॉक्टर तर पातळ औषध म्हणाले.”

नाव मुलीचं होतं, डोस शेजारच्या आजोबांचा. बाटलीवर ‘दोन गोळ्या’ हा मजकूर चिकटून घरी गेला असता, तर आई बाटलीतून किती देणार आणि कुठल्या गोळ्या शोधणार? बायकोनं दोन्ही खिडक्या बंद केल्या, उरलेली सगळी लेबलं हातानं लिहिली.

मला काय वाटलं ते लिहितो, गाळायचं नाही असं ठरलंय. मला आनंद झाला. साचे कोसळले, साचेबाई गेल्या, मी राहिलो. जेवताना दुसऱ्यांदा भाजी घेतली.

बायको बघत होती. “चार वर्षांची होती ती,” एवढंच म्हणाली.

शुक्रवार, २१ मार्च

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. “अरे, बस.” अरे! तीन आठवड्यांनी.

दवाखान्याला सोमवारी लेखी उत्तर हवंय: चूक कशी झाली, कुणाची. मालक म्हणाले, “तिचं नाव देऊन टाकू. नवं सगळं तिनंच आणलंय. तुझा जुना परत लावतो. तू कुठे जात नाहीस, कळलं?”

कळलं. इतकं चांगलं कळलं की बाहेर येऊन चाचणीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. तो बिचारा रडकुंडीला आलेला. “शपथ घेऊन सांगतो, तीन हजार लेबलं छापली. एक चुकलं नाही.”

“किती जणांनी मिळून?”

“किती जणांनी म्हणजे? मी आहे की दुसरं कोण इथे?”

मी हसलो आणि जागेवर येऊन बसलो. बसल्यावर हसू टिकलं नाही. साचेबाई पलीकडे फळ्यासमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. फळा कोरा होता.

शनिवार, २२ मार्च

सुट्टी. सकाळी ऑफिसात मी एकटा. दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवले. डावीकडे खोटी मुलगी, उजवीकडे खोटे आजोबा. दोन्ही हातांनी एकदम कळ दाबली.

पहिल्यांदा बरोबर. दुसऱ्यांदा बरोबर. तिसऱ्यांदा मुलीला दोन गोळ्या.

जागा कुठली ते शोधावं लागलं नाही. माझ्याच हातची आहे. डावीकडची ‘समोरचा’मध्ये बसली, तिचं नाव घेतलं, तेवढ्यात उजवीकडचा तिला ढकलून तिथेच येऊन बसला, डोस त्याचा निघाला. समोर दोघं, जागा एक. दाराला कडी नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी, पुस्तक न वाचता, मी अख्ख्या प्रोग्रामच्या बुडाशी एक सिंगलटन घालून ठेवला होता. परवा त्याचंच कौतुक ह्याच वहीत केलंय. आणि साचेबाईंनी नेमका तोच प्रश्न चहासकट आणून दिला, तेव्हा मी काय म्हटलं तेही ह्याच वहीत आहे. ते पान वाचलं. 

कुणाला कळणार नाही. साचेबाईंनी आत पाहिलेलं नाही, कारण मीच पाहू दिलं नाही. जुना परत लावला की प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी प्रत, म्हणजे चूकही गायब. मी गप्प राहिलो तर सगळं जागच्या जागी राहतं. एक बाई सोडून.

रविवार, २३ मार्च

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. विचारलं, “तू वाचायला लागलीस, त्या पहिल्या महिन्यात काय झालं होतं?”

“केवढी जुनी गोष्ट. मला नाही आठवत.”

जिला आमच्या साखरपुड्यात कुणी कुठली साडी नेसली होती ते आठवतं, तिला हे आठवत नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. “धर नीट.”

धरली. नंतर वहीचं पहिलं पान उघडून ‘एकही लेबल चुकलेलं नाही’ ह्याच्यापुढे लिहिलं: ‘माझ्या माहितीप्रमाणे’.

सोमवार, २४ मार्च

बैठकीला मालक, साचेबाई, चाचणीवाला आणि मी. पत्र तयार होतं, साचेबाईंचं नाव टाइप केलेलं. मालकांनी वाचायला सुरुवात केली.

मी म्हटलं, “थांबा. चूक माझी आहे.”

“तुम्ही मध्ये बोलू नका.” आले ‘तुम्ही’.

“मध्येच बोलणार. माझ्याकडे लेखी आहे.” वही उघडली आणि अकरा तारखेचं पान मोठ्यानं वाचायला लागलो. “‘साचेबाई माझ्या टेबलापाशी आल्या. हातात चहा...’”

वाचताना नाव बदलायला हवं होतं. सुचलं नाही.

 चाचणीवाला टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. साचेबाई म्हणाल्या, “पुढे वाचा, सर.”

वाचलं. चहा चांगला होता इथपर्यंत सगळं. मग ‘समोरचा’ कसा बसतो आणि कसा ढकलला जातो ते फळ्यावर काढून दाखवलं. चौकोन आणि बाण काढावे लागले. दुसरा इलाज नव्हता.

मालक लाल झाले. “तुला कळतंय का तू काय करतोयस? मी तुला वाचवत होतो!”

“माहितीये. नको.”

तेवढ्यात साचेबाई म्हणाल्या, “अडॅप्टर माझा आहे. मी आत न बघता झगा चढवला. एकदा विचारलं, थट्टा झाली, मला राग आला, म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते चुकलंच.”

“दवाखान्याला एक नाव पाहिजे!” मालक ओरडले. ह्यांना दोषीसुद्धा एकुलता एक हवा.

“मग तिसरं तुझंच घाल,” मी म्हटलं. चारचौघांत, अरे-तुरे. “दोन माणसांनी एकदम कळ दाबली असती तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. दुसरा माणूस कुणी घालवला?”

चाचणीवाला टेबलाखालून वर आला.

पुढचा पाऊण तास लिहिण्यासारखा नाही. निकाल असा: पत्रात दोन नावं गेली, माझं आणि साचेबाईंचं. मालकांचं अर्थातच नाही. साचेबाई राहतात. मी तीस एप्रिलला जायचं. मी सांगितलं की अकराच्या अकरा दवाखान्यांत दोन कॉम्प्युटरवरून एकदम कळ दाबून बघितल्याशिवाय मी जाणार नाही, मग तारीख कुठलीही असो. शिपायाला बोलावून उचलून टाका.

“शिपाई नाहीये आपल्याकडे,” मालक थकून म्हणाले.

“मग झालं तर.”

बुधवार, २६ मार्च

दोन दिवस साचेबाई आणि मी एका टेबलाच्या दोन बाजूंना. नऊ हजार ओळी. त्या प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारतात. निम्म्या वेळा मला उत्तर येत नाही.

“कडी लावायची का?” मी विचारलं. “एक बाहेर येईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं.”

“रांग वाढेल. दोन बाथरूम बांधू. प्रत्येक खिडकीचा समोरचा वेगळा.”

“ह्या साच्याचं नाव काय?”

“काही नाही. सगळ्याला नाव नसतं, सर.”

हे त्यांनी चार तारखेला सांगितलं असतं तर आमचं बरं जमलं असतं.

शुक्रवार, २८ मार्च

‘समोरचा’ पुसला. वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटलं.

दुपारी बायकोच्या दवाखान्यात. साचेबाई एका खिडकीवर, मी दुसऱ्या. “एक, दोन, तीन!” आणि कळ. चारशे वेळा. रांगेतल्या लोकांना आम्ही कुठला खेळ खेळतोय कळेना. एकही चुकलं नाही.

मी खूश होऊन बायकोला एक भेट दाखवली. लेबल छापून आलं की पडद्यावर एक चौकट येते: ‘वाचून दाखवलं?’ तिथे खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अकरा दवाखान्यांत आता सगळे तिच्यासारखं वाचतील.

तिनं चौकटीकडे पाहिलं. “काढ ती.”

“अगं, तुझ्यासाठी—”

“चौकट आली की लोक चौकट भरतात. वाचत नाहीत. काढ.”

 साचेबाई मला म्हणाल्या, “काढा सर.”

दोघींनी मिळून माझ्यावर केलेला हा पहिला हल्ला. काढली. निघताना विचारलं, “आता तरी वाचणं थांबवणार का?” तोवर ती पुढच्या माणसाचं लेबल वाचायला लागली होती.

सोमवार, ३१ मार्च

आज नवा प्रोग्राम फक्त एका दवाखान्यात पक्का झाला. उरलेल्या दहा ठिकाणी आम्ही दोघं जाऊन कळ दाबली की एकेक करून. मालक तारखेबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

जेवणानंतर साचेबाई आल्या. “सर, हस्तांतरणाची वही आज द्यायची होती. लिहून झाली?”

मी आधी विचार केला होता की ही पानं फाडून एक स्वच्छ वही द्यावी. ‘समोरचा’ कसा होता, का काढला, कडी का नको, एवढंच. मालकांचे केस, माझी भाजी, ‘साचेबाई’, हे सगळं घरी ठेवावं. फाडायला पट्टी लावून पहिलं पान धरलंसुद्धा.

मग ‘समोरचा’चं केलेलं ते कौतुक दिसलं, सात तारखेचं. पुढे कुणी तरी माझ्यासारखा त्याच जागी तसंच काहीतरी साधं आणि सुंदर बांधेल, आणि त्याला विचारायला कुणी चहा घेऊन येईल. त्यानं अकरा तारीख वाचली पाहिजे. आणि अकरा तारीख वाचायची तर बाकीचं का नको?

पट्टी ठेवून दिली. वही आत्ता त्यांच्या हातात देतोय. त्या खुर्ची ओढून इथेच वाचायला बसणार असं दिसतंय. बसू देत. काहीही गाळू नका म्हणाल्या होत्या.